आत एकच बाई

पिंप्राळा, जळगाव
४ जानेवारी २०२५

रुख्माबाई विहीणबाईंना हेमलताचा नमस्कार.

हातात फोन असून पत्र लिहायची पाळी आली, ही आपल्या दोघींचीच कमाई. डिंकाच्या लाडवात खारीक जास्त की खोबरं जास्त, यावरून मागच्या आठवड्यात तुम्ही तिकडून आणि मी इकडून जे काही बोललो, ते पुनमने सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना तिचा बीपी वाढलेला दिसला. तेव्हापासून सूनबाईंचा हुकूम आहे की दोघींनी एकमेकींना फोन करायचा नाही. काय बोलायचं ते लिहून बॅगेच्या कप्प्यात टाकायचं. लखन शनिवारी धुळ्याला बायकोकडे जातो आणि रविवारी परततो, तो आपला पोस्टमन.

बॅग सोबत पाठवते आहे. दवाखान्यात न्यायला मी स्वतः भरली आहे, तुम्हाला धावपळ नको म्हणून. पुढून बटणं असलेले दोन सुती गाऊन, कानाला बांधायचा रुमाल, लोकरी मोजे, थर्मास, वाटी-चमचा. सोनोग्राफीचे कागद बाजूच्या चेनमध्ये. बाळाचे कपडे जळगावातून चार दुकानं फिरून आणले. पांढरी झबली, पिवळी टोपडी, गुंडाळायला एक फरचं ब्लँकेट. इतकं मऊ आहे की दुकानातच मी गालाला लावून पाहिलं. कृपा करून काही काढू-घालू नका.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहे. सातव्यात तुम्ही तिला घेऊन गेलात, मी हसत ओटी भरली. पण तीन वर्षं सकाळचा चहा आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसून प्यायचो. आता मी एकटी बसते आणि ह्यांना आत पेपर वाचायचा असतो. मला मुलगी नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक. लखन सांगत होता, त्या दवाखान्यात बाळंत होताना आत एकच बाई राहू देतात. ती कोण, ते पुनमने ठरवावं. तुम्ही गृहीत धरू नका, मीही धरत नाही.

तुमची
हेमलता


देवपूर, धुळे
५ जानेवारी २०२५

हेमलताबाई, नमस्कार घ्या.

बॅग पोचली. चांगली आहे. आतलं निम्मं सामान काढून लखनच्या हाती परत देते आहे, राग मानू नका. मानला तरी फोन करता येणार नाही, तेवढं बरं आहे.

कोरे कपडे पाठवलेत! अहो, लेकराच्या अंगाला पाचवीच्या आधी कोरं कापड लावतात का? आमच्यात तर नाहीच, तुमच्यातही नसावं, पण दुकानं बघितली की माणूस विसरतं. पहिलं कापड वापरलेलं हवं, धुऊन धुऊन मेणासारखं झालेलं. मी माझ्या जुन्या लुगड्याची सहा दुपटी शिवली आहेत. झबलंही आहे, पुनमचंच. ती झाली तेव्हाचं. मी पेटीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलं होतं. ते फराचं ब्लँकेट तुम्हीच पांघरा, पिंप्राळ्याला थंडी जास्त असेल.

लाडवात खारीकच जास्त असते.

आणि ते आत जायचं. त्यात ठरवायचं काय? माय मी आहे. मीच जाणार. नऊ महिने पोटात मी ठेवली, तिला गोवर झाला तेव्हा मांडीवर घेऊन मी बसले, तिचे वडील गेल्यावर पापड लाटून शिकवली मी. तुमच्या घरी ती आयती शिकलेली, आयती वाढलेली आली. तुम्ही तिला चांगलं वागवता, ते मी चार लोकांत सांगते. पण जळगावात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका.

तुम्ही ओट्यावर एकट्या बसता म्हणून लिहिलं. मी तीन वर्षं एकटीच बसत होते. मला कुणी विचारलं नाही.

रुख्माबाई


पिंप्राळा, जळगाव
११ जानेवारी २०२५

रुख्माबाईंना नमस्कार.

संक्रांत आली आहे, तेव्हा आधी तिळगूळ घ्या. डब्यात आहे. गोड बोलायचं राहील तुमच्याकडे उधार.

कोऱ्या कपड्यांचं तुमचं बरोबर. मी विसरले नव्हते, मोहात पडले. तुमची दुपटी खरंच मऊ आहेत, ती लखनने बॅगेसकट मुद्दाम दाखवायला आणली होती, परत ठेवली आहेत. पण तुम्ही पाठवलेल्या झबल्याची शिवण उसवलेली आहे आणि बाळाच्या मानेला ती टोचेल. म्हणून ते काढून मी लखनचं झबलं ठेवलं. तेही वापरलेलं आहे, रीत पाळली जाते. शेवटी बाळ आमच्या घरचं आहे, बापाचं झबलं घातलं तर बिघडलं कुठे?

बाकी एक कळवायचं होतं. महिनाअखेरीला धुळ्यात ह्यांच्या वरणगावच्या कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याकडे लग्न आहे. आम्हाला आग्रहाचं बोलावणं आहे. ह्यांना गुडघ्यामुळे जमणार नाही, मी एकटीच येईन म्हणते. पुनमची तारीखही जवळच आहे, तेव्हा चार दिवस तुमच्याकडे राहिले तर चालेल ना? कामाला हात होईल. तुम्ही पापड लाटा, मी पुनमजवळ बसेन.

आत कोणी जायचं त्यावर मी काही लिहीत नाही. तुमचं मन दुखवायची इच्छा नाही.

हेमलता


देवपूर, धुळे
१९ जानेवारी २०२५

हेमलताबाई,

मागच्या रविवारी पत्र दिलं नाही ते मुद्दाम. रागात होते. आज लिहिते आहे, तरी अक्षर वाकडं येतंय, समजून घ्या. नाही समजलं तरी माझं काही जात नाही.

बॅग उघडली तेव्हा पुनम खाटेवर बसली होती. तुमच्या लखनचं झबलं मी हातात घेतलं आणि म्हटलं, बघ, तुझ्या सासूने मी ठेवलेलं काढून तुझ्या नवऱ्याचं घुसवलं. तर पोरगी हसायला लागली. पोट धरून हसली. मग उशीखालून तिने दुसरंच झबलं काढलं. आमच्या शेजारची रुखसार, शिवणकाम करते, तिच्या आवेजचं. वर्षाचा पोरगा आहे, धडधाकट, अंगणभर रांगतो. पुनम म्हणाली, तुम्हा दोघींचं भांडण पाहून मी रुखसारकडून मागून घेतलं, हेच पहिलं घालायचं. मीही हसले. म्हटलं चला, दोघींचंही गेलं.

आणि त्या हसण्यात मी आत जायचं बोलून गेले, "कपडा कोनाबी ऱ्हावो, मझार तर मी शे ना तुनाजोडे."

पुनमने झबल्याची घडी घातली आणि म्हणाली, "माय, तू नको येऊ मझार. मम्मी येई." मम्मी म्हणजे तुम्ही.

मी विचारलं, "काबरं?"

"तू रडशी. तू रडनी का माले तुलेच सांभाळनं पडी."

तुम्हाला माहीत आहे, पुनमच्या आधीचा माझा मुलगा दवाखान्यातच गेला. रडलाच नाही तो. त्याचा दिवस आला की मी दर वर्षी पुनमला सगळं सांगायची. दिवा कसा होता, नर्स कशी धावली, सगळं. तिच्याशिवाय सांगणार कोणाला? मला वाटायचं, बोललं की हलकं होतं. मी हलकी होत गेले आणि ते सगळं ओझं पोरीच्या मनात साचत गेलं, हे मला कळलं नाही. ती म्हणाली, तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं की मला तोच दवाखाना दिसतो.

हे ऐकून मी काय करणार? रडलेच. म्हणजे तिचं म्हणणं खरं करून दाखवलं.

पण तुमचं काय? तिने सांगितलं की मम्मींना मी नव्या वर्षाच्या आधीच विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. म्हणजे 'पुनमने ठरवावं' हे तुम्ही लिहिलं तेव्हा ठरलेलं होतं. आणि ते लग्न! कुणाचं आहे लग्न, नवरीचं नाव तरी सांगा. गोड तिळगूळ पाठवून केसाने गळा कापलात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काय वेगळं असतं?

मला तुमचा हेवा वाटतो. लपवून काय करू. गेले आठ दिवस पोरीला जेवायला वाढताना, तिचे पाय चेपताना, मला तुमचाच हात दिसतो, तिच्या हातात. भाकरी गोड लागत नाही. असं वाटतं की तुमच्या पायाला मोच यावी, फार नाही, महिनाभराची.

रुख्माबाई


पिंप्राळा, जळगाव
२५ जानेवारी २०२५

रुख्माबाई,

लग्न नाही. कुणाचंच नाही. ह्यांचे सोबती सगळे सत्तरीचे आहेत, त्यांच्या मुलांची लग्नं कधीच झाली आणि नातवंडं अजून लग्नाची नाहीत. खोटं लिहिलं.

पुनमने फोनवर विचारलं तेव्हा मी तिला म्हणू शकले असते की बाई, हा मान तुझ्या आईचा आहे, तिचं मन मोडू नकोस. दुसरी एखादी म्हणाली असती. माझ्या तोंडून हो निघून गेलं, तिचं वाक्य संपायच्या आत. फोन ठेवला आणि मी शिरा केला. ह्यांनी विचारलं आज काय आहे, मी म्हटलं काही नाही, रवा पडून होता.

तुम्ही मोकळेपणाने लिहिलं, मीही लिहिते. मागच्या महिन्यात लखनने मोबाइलवर फोटो दाखवला. तुम्ही पुनमच्या डोक्याला तेल लावताय आणि तिने डोळे मिटून डोकं तुमच्या गुडघ्यावर टाकलंय. मी तो फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. तीन वर्षांत मी तिला कधी कामाला लावलं नाही, कधी शब्दाने दुखवलं नाही, तिच्या आवडीची शेवभाजी दर गुरुवारी केली. पण माझ्यासमोर ती नेहमी नीट बसते. ओढणी सावरून. असं डोकं तिने माझ्या गुडघ्यावर कधी टाकलं नाही. म्हणून तिने जेव्हा 'आत तुम्ही या' म्हटलं, तेव्हा मला वाटलं, एकदा तरी मी जिंकले.

तुम्ही म्हणालात तर मी येत नाही. पुनमला पाय मुरगळल्याचं सांगते, तुमची इच्छाही पुरी होईल. पण तुम्ही तसं म्हणू नये, अशी माझी विनंती आहे.

हेमलता


देवपूर, धुळे
२६ जानेवारी २०२५

हेमलताबाई,

या. काल पुन्हा तिचा बीपी मोजला, थोडा वाढलाय. ती मला काही विचारत नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघते. तिला तुम्ही हव्या आहात, तेव्हा विषय संपला.

हे वाचलं की लखनला घेऊन लगेच निघा, पुढच्या शनिवारची वाट पाहू नका. खाट मोकळी केली आहे. जेवायला वाढीन, अंथरूण घालीन, पण मी तुमच्याशी बोलीन अशी आशा ठेवू नका.

रुख्माबाई


पिंप्राळा, जळगाव
१५ फेब्रुवारी २०२५

रुख्माबाईंना नमस्कार.

नात कशी आहे? लखन सांगतो, आता दिव्याकडे टक लावून बघते. पुनम शेपा-ओवा खाते का बघा, तिला तो वास आवडत नाही, गुळात कालवून द्या. हे तुम्हाला मी सांगायला नको, पण हात शिवशिवतो.

बारसं झालं, मी घरी आले. तुमच्या घरी असताना जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही. तुम्ही बोलत नव्हता म्हणून नाही. बाळंतपणाच्या खोलीतून मी बाहेर आल्यावर तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "पोरगी काही म्हनत होती का वं?" सगळा राग विसरून विचारलंत. मी म्हटलं, नाही, शांत होती बिचारी. आणि तुम्ही मान हलवून बाळाकडे गेलात.

ती शांत नव्हती. सुरुवातीला माझा हात धरून होती, मी सांगेन तसा श्वास घेत होती. मला वाटत होतं, बघा, कशी निभावते आहे मी. मग कळा वाढल्या. तिने माझा हात सोडला. खाटेची दांडी धरली आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "माय कोठे शे?" मी म्हटलं, मी आहे ना बेटा. तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखून पाहिलं, पण तिला मी नको होते. म्हणाली, "मायले बलावा."

कुणी म्हणेल, कळ आली की प्रत्येक बाई माय वं म्हणतेच. ठेच लागली तरी म्हणते. मीही मनाला तेच सांगितलं. पण तिने तीनदा म्हटलं, स्पष्ट म्हटलं. नर्स दक्षिणेकडची होती, तिला आपली बोली कळत नव्हती. तिने मला विचारलं, काकू, काय मागते आहे ही? दार माझ्यापासून दोन हातांवर होतं. त्या दाराच्या पलीकडच्या बाकावर तुम्ही होता. मी उठून दार लोटलं असतं तर नर्सने मला बाहेर काढून तुम्हाला आत घेतलं असतं.

मी म्हटलं, काही नाही, पाणी मागते आहे.

तिच्या ओठांना मी पाणी लावलं. तिने ते थुंकून टाकलं. मग बाळ आलं आणि सगळे सगळं विसरून गेले. पुनमला यातलं काही आठवत नाही. तिथे असताना मला विचारायची, मम्मी, मी फार ओरडले का? गळ्यात पडायची, म्हणायची तुम्ही होतात म्हणून झालं. मी ते ऐकून घ्यायचे आणि स्वयंपाकघरात जायचे.

हे मी तुम्हाला कळवलं नसतं तर कधीच कळलं नसतं. पण ती हाक तुमची होती आणि माझ्याकडे राहून गेली आहे. ती तुम्हाला द्यायला हवी.

काय शिक्षा करायची ती करा. नात दाखवणं तेवढं बंद करू नका.

हेमलता


देवपूर, धुळे
२३ फेब्रुवारी २०२५

हेमलताबाई,

मागच्या रविवारी वाचलं. उत्तर लिहायला आठवडा गेला.

वाचल्यावर पहिलं काम हे केलं की मागच्या अंगणात जाऊन तुम्हाला मोठ्याने शिव्या घातल्या. रुखसार भिंतीवरून डोकावली, म्हणाली, खाला, कुणाशी भांडताय? मी म्हटलं, मांजर आहे. आवेज घाबरून रडायला लागला.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. त्या बाकावर मी एक टिपूस काढलं नाही. डोळे कोरडे ठेवून बसले होते. मनात म्हणत होते, आता जर दार उघडून कुणी म्हणालं की आत या, तर बघा मी कशी जाते, कशी उभी राहते. दाराकडेच बघत होते. तुम्ही लिहिलं की दार दोन हातांवर होतं. माझ्याकडूनही तितकंच असेल.

तुमचं पत्र वाचून मात्र रडले. पुनमने विचारलं काय झालं, मी म्हटलं मिरचीचा हात लागला. तिला हे सांगितलं नाही, सांगणारही नाही. तिला वाटू द्या की तुम्ही होता म्हणून झालं. पण माझ्या पोरीने मला बोलावलं होतं. मी रडते हे माहीत असून बोलावलं होतं. हे मी आता कुणाला सांगू शकत नाही, फक्त तुम्हाला, आणि त्याचाही मला राग येतो.

माफ केलं असं लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. जमत नाही. नात दाखवायला मात्र आणीन, सव्वा महिना झाला की. तिने तुमच्यासारखं नाक घेतलंय, तेही मला सहन करावं लागतंय.

काल संध्याकाळी भाकरी थापत होते. थापता थापता मनात आलं, समजा मी आत असते. आणि पोरीने माझा हात सोडून दाराकडे तोंड केलं असतं, आणि म्हणाली असती, "मम्मीले बलावा." तर मी काय केलं असतं? भाकरी तव्यावर करपली तरी मी विचारच करत होते. तुम्ही निदान नुसतं खोटं बोललात. मी तर उठून दाराला आतून कडी लावली असती.

रुख्माबाई